प्रथिन, कर्बोदक, केंद्रकाम्ल : जीवद्रव्यांच्या नावांचा इतिहास

मराठीत 'प्रथिन' हा शब्द आज इतका रुळला आहे की, तो कशावरून घडविला गेला असावा, हा प्रश्न विद्यार्थ्यास तर राहोच, रसायनशास्त्राच्या अध्यापकासही सहसा पडत नाही. डाळीत प्रथिने असतात, अंड्यात प्रथिने असतात, एवढे म्हणून आपण पुढे जातो. परंतु ह्या शब्दाच्या पोटात एक ग्रीक विशेषण आहे, त्या विशेषणाच्या पोटात एक रासायनिक सिद्धांत आहे, आणि तो सिद्धांत जन्मल्यापासून दहा वर्षांच्या आतच खोटा ठरलेला आहे. सिद्धांत गेला, नाव राहिले. सजीवांच्या शरीराची घडण ज्या मोजक्या द्रव्यवर्गांपासून होते त्यांच्या नावांचा मागोवा घेतला असता हा प्रकार पुन्हा पुन्हा आढळतो.

प्रस्तुत लेखात ह्या नावांचा इतिहास पाहावयाचा आहे. रसायनशास्त्र हा लेखकाचा विषय नव्हे. तेव्हा द्रव्यांच्या गुणधर्मांपेक्षा नावांच्या चरित्राकडे येथे अधिक लक्ष पुरविले आहे. मात्र केवळ व्युत्पत्तीचे कुतूहल भागविणे हा त्यामागील हेतू नाही. नावाने संशोधकांच्या विचारास वळण लावले काय, आणि लावले असल्यास त्याची किंमत काय पडली, हा विचारात घेण्याजोगा प्रश्न आहे. परभाषेतील संज्ञा मराठीत आणताना तिचा अर्थ आणावयाचा की ध्वनी, हा आपल्याकडील जुना वादही येथेच येऊन भिडतो.

अठराव्या शतकात ह्या द्रव्यांची जी नावे रूढ होती ती बव्हंशी स्वयंपाकघरातील आणि कारागिरांच्या कामठ्यातील होती. बोलोन्या येथील बेक्कारी ह्याने गव्हाचे पीठ पाण्याखाली मळून त्यातील पिष्ट धुऊन टाकले, आणि मागे जो चिवट गोळा उरला त्याचा वृत्तांत १७२८ मध्ये विद्वत्सभेपुढे ठेवला. तो वृत्तांत १७४५ मध्ये छापून प्रसिद्ध झाला. त्या गोळ्याचे नाव 'ग्लूटेन'. लॅटिनमध्ये ह्या शब्दाचा अर्थ डिंक किंवा खळ. 'कोलाजेन' ह्या नावातही ग्रीक भाषेतील सरसच आहे : कातडी व हाडे उकळून सुतार जो सरस करतो त्याचे उत्पादक द्रव्य ते कोलाजेन. (ह्याच सरसाच्या मूलद्रव्याची तिपेडी रचना गो. ना. रामचंद्रन व गोपीनाथ कर्था ह्यांनी १९५४-५५ मध्ये मद्रास येथे उलगडून दाखविली.) 'अल्ब्युमिन' हे अंड्याच्या पांढऱ्या बलकावरून आले. फ्रान्समध्ये फूरक्र्वा ह्याने १७८९ मध्ये प्राणिज द्रव्यांत अल्ब्युमिन, फायब्रिन आणि जिलेटिन असे प्रकार वेगळे केले. त्यांतले एक गोठते, एक तंतुमय असते, एक थंड झाल्यावर थिजते. नावे त्या दिसणाऱ्या धर्मांवरूनच पडलेली. १८२७ मध्ये विल्यम प्राउट ह्या इंग्रज वैद्याने मनुष्याच्या अन्नाचे शर्करामय, तैलमय व अल्ब्युमिनमय असे तीन वर्ग केले. आजच्या पाठ्यपुस्तकांतील कर्बोदके, मेद आणि प्रथिने ही त्रयी ती हीच.

ह्या जुन्या नावांचा एक गुण लक्षात घ्यावयास हवा. ती काही सांगतच नाहीत. सरस म्हणजे सरस. त्याच्या आत काय आहे ह्याविषयी नाव मौन पाळते. म्हणून पुढे ज्ञान कितीही बदलले तरी ती खोटी ठरली नाहीत. अमिनो अम्लांच्या नावांतही हा गुण आहे. शतावरीच्या जातीच्या भाजीच्या कोंबांत १८०६ मध्ये सापडले ते ॲस्परॅजिन. मूत्राशयातील खड्यात १८१० मध्ये सापडले ते सिस्टिन; ग्रीक भाषेत 'किस्टिस' म्हणजे पिशवी किंवा मूत्राशय. लीबिगने १८४६ मध्ये चीजपासून काढले ते टायरोसिन, कारण ग्रीक भाषेत चीजला 'तिरोस' म्हणतात. रेशमापासून १८६५ मध्ये मिळाले ते सेरिन, कारण लॅटिनमध्ये रेशीम म्हणजे 'सेरिकम'. ही यादी म्हणजे एखाद्या वाण्याच्या दुकानातील जिनसांची यादी वाटते, आणि ते ठीकच आहे.

ह्याच्या उलट 'प्रोटीन' हे नाव. गेरिट यान मुल्डर हा डच रसायनज्ञ रॉटरडॅम येथील वैद्यकीय शाळेत अध्यापक असताना रक्तातील फायब्रिन, अंड्याचे अल्ब्युमिन, रक्तरसाचे अल्ब्युमिन ह्यांचे मूलद्रव्यविश्लेषण करीत होता. कर्ब, उज्ज, नत्र व प्राण ह्यांचे प्रमाण सर्वत्र जवळजवळ सारखेच निघते, फरक पडतो तो फक्त गंधकाच्या आणि स्फुरदाच्या अल्प अंशात, असे त्यास आढळले. तेव्हा ह्या सर्व द्रव्यांच्या मुळाशी एकच मूलक आहे, आणि गंधक व स्फुरद कमीअधिक जोडले गेल्यामुळेच त्यांचे निरनिराळे प्रकार होतात, असा निष्कर्ष त्याने काढला. त्या मूलकाचे सूत्रही त्याने दिले : कर्बाचे ४० अणू, उज्जाचे ६२, नत्राचे १० व प्राणाचे १२. आपले निष्कर्ष त्याने स्वीडनचा रसायनज्ञ बर्झीलियस ह्यास कळविले. १० जुलै १८३८ च्या उत्तरात बर्झीलियसने ह्या समान द्रव्यास 'प्रोटीन' म्हणावे अशी सूचना केली. ग्रीक 'प्रोतेइओस' म्हणजे अग्रस्थानी असलेला. वनस्पती हे द्रव्य तयार करून शाकाहारी प्राण्यांस पुरवितात आणि ते प्राणी मांसाहाऱ्यांस. म्हणजे प्राणिपोषणाचे आद्य द्रव्य हेच दिसते, असे त्याचे म्हणणे होते. मुल्डरने त्याच वर्षी हे नाव छापून प्रसिद्ध केले आणि पुढे शतकभर शब्दाचे जनकत्व त्याच्याकडेच राहिले. १९५० मध्ये ह्यूबर्ट व्हिकरी व १९५१ मध्ये हॅरल्ड हार्टली ह्यांनी पत्रव्यवहाराकडे लक्ष वेधले, तेव्हा कुठे खरा शब्दकर्ता पुन्हा प्रकाशात आला.

शब्द घडविण्याचे बर्झीलियसला व्यसनच होते असे म्हणावयास हरकत नाही. 'आयसोमर', 'पॉलिमर', 'कॅटॅलिसिस' हे त्याच्याच टाकसाळीतले. मूलद्रव्यांस एकदोन अक्षरी चिन्हे देण्याची पद्धतीही त्याचीच. अशा मनुष्याच्या हातून नाव पडले की त्यात वर्णन येत नाही, विधान येते. 'प्रोटीन' हे विधान आहे : हे द्रव्य एकच आहे, आणि ते पहिले आहे.

ह्यातील पहिला अर्धा भाग लवकरच कोसळला. लीबिगने प्रथम मुल्डरचे मत उचलून धरले होते. परंतु गीसेन येथील त्याच्या प्रयोगशाळेत लास्कोव्हस्की ह्या विद्यार्थ्यास गंधकविरहित असे मूळ 'प्रोटीन' काही केल्या वेगळे करता येईना. १८४६ च्या सुमारास लीबिगने जाहीरपणे पवित्रा बदलला, आणि हे द्रव्य मुळात आहे तरी कोठे, असा प्रश्न मुल्डरला टाकला. मुल्डरने उत्तरादाखल एक पुस्तिकाच लिहिली. लीबिगचा प्रश्न नीती आणि शास्त्र ह्या दोन कसोट्यांवर घासून पाहावा, असा तिच्या शीर्षकाचा आशय आहे. शीर्षकात नीतीला शास्त्राच्या आधी जागा मिळाली, ह्यावरून वादाला कोणते वळण लागले होते ते कळते. मुल्डरचे मूलक कोणासच सापडले नाही, कारण ते नव्हतेच. विश्लेषणातील साम्य मात्र खरे होते. त्याचे कारण असे की, ही सर्व द्रव्ये त्याच विसेक अमिनो अम्लांच्या लांब साखळ्या आहेत. हे कळावयास १९०२ चा सप्टेंबर उजाडावा लागला. त्या महिन्यात कार्ल्सबाड येथील संमेलनात एकाच दिवशी फ्रान्स हॉफमाइस्टर व एमिल फिशर ह्या दोघांनी स्वतंत्रपणे साखळीतील दुव्याचे स्वरूप सांगितले. १९५५ पर्यंत फ्रेडरिक सँगर ह्याने इन्स्युलिनच्या दोन साखळ्यांतील ५१ अमिनो अम्लांचा संपूर्ण क्रम लावून दाखविला, आणि 'एक मूलक' ही कल्पना मुल्डरला ओळखूही येणार नाही अशा रीतीने निकालात निघाली.

नाव टिकले कसे? इंग्रजीत 'प्रोटीड' असा एक प्रतिस्पर्धी शब्द बराच काळ वावरत होता. १९०७-०८ च्या सुमारास ब्रिटिश व अमेरिकन संस्थांच्या समित्यांनी तो काढून 'प्रोटीन' कायम केला. म्हणजे शब्द टिकला तो सोयीसाठी. परंतु सर्व भाषांनी तो घेतला नाही, आणि भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास येथे एक सुरेख नकाशा मिळतो. जर्मन 'आयवाइस', डच 'एइवित', रशियन 'बेलोक', पोलिश 'ब्यावको', हंगेरियन 'फेहेर्ये' हे सारे शब्द अंड्याच्या पांढऱ्या बलकावरून किंवा नुसत्या पांढरेपणावरून आले आहेत. चिनी भाषेतील संज्ञा आणि तिच्यातील चित्राक्षरांचेच जपानी उच्चारण 'तानपाकुशित्सु' ह्यांचा शब्दशः अर्थ 'अंड्यातील पांढऱ्याचे द्रव्य' असाच आहे. एका बाजूस बलकाच्या भाषा, दुसऱ्या बाजूस अग्रस्थानाच्या भाषा. बलकाच्या भाषांनी सिद्धांत स्वीकारला नाही, म्हणून त्यांना तो सोडूनही द्यावा लागला नाही.

मराठी अग्रस्थानाच्या भाषांत आहे. परंतु ती तेथे ज्या वाटेने गेली ती विचक्षण आहे. 'प्रथिन' हे धड भाषांतर नव्हे आणि धड लिप्यंतरही नव्हे. मूळ शब्दाचा सांगाडा राहिला, प्रत्यय राहिला, आणि मध्ये संस्कृत 'प्रथ'ची चाहूल लागली. 'प्रथम' आणि ग्रीक 'प्रोतोस' ह्या दोहोंच्या मुळाशी 'पुढे' ह्या अर्थाचे एकच इंडो-युरोपीय मूळ आहे. प्रत्यय मात्र निरनिराळे. आणखी एक गंमत अशी की, आपला रोजचा 'पहिला' हा शब्द प्राकृत 'पहिल्ल' ह्यावरून आला असून, त्यामागे टर्नरने आपल्या तौलनिक कोशात 'प्रथिल्ल' असे रूप कल्पिले आहे. तेव्हा 'प्रथिन' आणि 'पहिला' हे शब्द दिसतात त्याहून अधिक जवळचे आहेत. हिंदीत ह्याच संज्ञेसाठी 'प्रोभूजिन' असा एक शब्द घडविला गेला होता; तो लोकांनी स्वीकारला नाही, आणि 'प्रोटीन'च चालू राहिले. दोहोंतील भेद कानाला कळतो.

'कर्बोदका'ची गोष्ट वेगळी. १८४४ मध्ये कार्ल श्मिट ह्याने शर्करा, पिष्ट इत्यादींसाठी 'कर्बाचे जलसंयोग' अशा अर्थाचे जर्मन नाव सुचविले. कारण उघड होते : द्राक्षशर्करेत कर्बाचे ६ अणू, उज्जाचे १२, प्राणाचे ६, म्हणजे जणू कर्बाच्या प्रत्येक अणूस पाण्याचा एक रेणू जोडलेला. वस्तुतः ह्या द्रव्यांत पाणी पाणी म्हणून नसते. ॲसेटिक अम्लाचे सूत्रही ह्या हिशेबात बसते, परंतु व्हिनेगरला शर्करा कोणी म्हणत नाही. उलट डीऑक्सिरायबोज ही खरी शर्करा असून ती हिशेबात बसत नाही. युरोपीय भाषांत ही चूक ग्रीक आवरणाखाली झाकलेली आहे. मराठीत 'उदक' उघडे पडले. 'कर्बोदक' हा शब्द ऐकताच मराठी विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे कोळसा आणि पाणी उभे राहते, आणि ते चित्र पुसण्यात अध्यापकाचा काही वेळ जातो. मराठी विश्वकोशाने 'कार्बोहायड्रेटे' असा मथळा पत्करला त्यामागे बहुधा हाच विचार असावा. पण पाठ्यपुस्तकांतून 'कर्बोदक' आता निघेल असे वाटत नाही.

भाषांतराने चूक सुधारल्याचेही उदाहरण आहे. १९१२ मध्ये काझिमिर फुंक ह्याने 'व्हिटामीन' हा शब्द केला तो जीवनास आवश्यक असे अमाइन ह्या अर्थाने. ही सर्व द्रव्ये अमाइने नाहीत हे कळल्यावर १९२० मध्ये ड्रमंड ह्याने इंग्रजी लेखनातील अंत्य अक्षर गाळावे अशी तडजोड सुचविली, म्हणजे चूक अर्धी लपावी. मराठी 'जीवनसत्त्व' ह्या शब्दात अमाइन शिरलेच नाही. 'गुणसूत्र' तर त्याहून पुढे गेला आहे. १८८८ मध्ये वाल्डायर ह्याने जे ग्रीक नाव दिले त्याचा अर्थ केवळ 'रंग घेणारी वस्तू' एवढाच आहे. गुणांचा किंवा वारशाचा त्यात उल्लेख नाही. मराठी शब्दकर्त्याने पेशीतील त्या धाग्याचे कार्य ओळखून नाव ठेवले. येथे भाषांतर मुळापेक्षा अधिक जाणते आहे.

चौथा वर्ग प्राउटच्या त्रयीत नव्हता, आणि तो स्वयंपाकघरातून आलाही नाही; निदान सरळ अर्थाने नाही. १८६९ मध्ये फ्रीड्रिख मीशर हा तरुण स्विस वैद्य ट्युबिंगेन येथे होप्पे-झायलर ह्याच्या हाताखाली काम करीत होता. ती प्रयोगशाळा जुन्या किल्ल्याच्या मुदपाकखान्यात थाटलेली होती. जवळच्या शस्त्रवैद्यकीय रुग्णालयातून जखमांच्या पट्ट्या येत. त्यांवरील पुवातील पेशी धुऊन मीशर त्यांची केंद्रके वेगळी करी. त्यांत त्यास एक असे द्रव्य मिळाले की, ज्यात स्फुरद भरपूर होते आणि ज्यावर डुकराच्या जठररसाचा परिणाम होत नव्हता. म्हणजे ते प्रथिन नव्हते. केंद्रकातून आले म्हणून त्याने त्यास 'न्यूक्लेइन' म्हटले. होप्पे-झायलरचा विश्वास बसेना. त्याने प्रयोग स्वतः करून पाहिले आणि मगच, १८७१ मध्ये, निबंध छापला. १८८९ मध्ये रिचर्ड आल्टमान ह्याने प्रथिनमुक्त द्रव्य मिळवून त्यास 'न्यूक्लिइक अम्ल' असे नाव दिले.

ह्या अम्लाचे घटक ज्या नावांनी ओळखले जातात त्यांची मुळे मोठी चमत्कारिक आहेत. ग्वानिन हे १८४४ मध्ये 'ग्वानो'तून काढले गेले. ग्वानो म्हणजे पेरूच्या किनाऱ्यावरील समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे खत; शब्द केचुआ भाषेतला. ॲडेनिन ग्रंथीवरून, थायमिन छातीतील थायमस ग्रंथीवरून. साखरेचे नाव तर कोडेच आहे. अरबी डिंकापासून मिळणाऱ्या साखरेस 'अरॅबिनोज' म्हणत. १८९१ मध्ये फिशर व पिलोटी ह्यांनी तिच्यापासून नवी साखर केली आणि जुन्या नावातील अक्षरे उलटसुलट करून 'रायबोज' हे नाव सिद्ध केले. ('लिक्सोज' हे दुसऱ्या एका साखरेचे नावही 'झायलोज' उलटे वाचून केलेले आहे.) तेव्हा आरएनए ह्यातील 'आर' हा अर्थहीन झालेला अरबस्तान आहे.

अशी अर्थहीन नावे निरुपद्रवी होती. उपद्रव झाला तो दुसऱ्या जोडीने. वासराच्या थायमसपासून एक न्यूक्लिइक अम्ल मिळे, किण्वापासून दुसरे. एकास थायमस-अम्ल, दुसऱ्यास किण्व-अम्ल म्हणू लागले. आणि पाहता पाहता थायमस-अम्ल हे प्राण्यांचे व किण्व-अम्ल हे वनस्पतींचे, असा समज ग्रंथांतून स्थिर झाला. नमुन्याचे नाव जातीचे नाव होऊन बसले. १९२४ मध्ये फॉयल्गेन व रोसेनबेक ह्यांनी वनस्पतींच्या केंद्रकांतही थायमस-अम्ल दाखविले, तरी समज मावळावयास आणखी दहाएक वर्षे लागली. फीबस लेव्हिन ह्याने १९०९ मध्ये एका अम्लात रायबोज व १९२९ मध्ये दुसऱ्यात डीऑक्सिरायबोज ओळखल्यामुळे आजची नावे शक्य झाली.

ह्याच लेव्हिनच्या नावावर दुसरा, अधिक महागात पडलेला समज मांडला जातो. चार घटक समप्रमाणात, एकामागून एक, तोच गट पुन्हा पुन्हा : न्यूक्लिइक अम्लाची अशी एकसुरी रचना त्याने कल्पिली. ज्यात वैविध्य नाही ते आनुवंशिकतेचे वाहन होणार कसे? मग वारसा वाहून नेणारे द्रव्य उरले एकच, प्रथिन. येथे वाचकांस मीशरच्या एका पत्राची आठवण द्यावीशी वाटते. १८९२ मध्ये आपला मामा, शरीररचनाशास्त्रज्ञ विल्हेल्म हिस, ह्यास त्याने लिहिले होते की, प्रथिनाच्या प्रचंड रेणूत अणूंच्या मांडणीचे इतके पर्याय संभवतात की, त्यांतून आनुवंशिकतेचे सारे वैविध्य व्यक्त होऊ शकेल, जसे चोवीस ते तीस वर्णांतून सर्व भाषांचे सर्व शब्द व्यक्त होतात. वर्णमालेची उपमा अचूक होती. ती लागू केली मात्र चुकीच्या द्रव्यास, आणि तीही ज्याने बरोबर द्रव्य शोधून काढले होते त्याच मनुष्याने.

'पहिले' ह्या नावामुळेच प्रथिनाला हे अग्रपूजेचे मान मिळाले काय? तसे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. प्रथिनांचे वैविध्य प्रत्यक्ष दिसत होते. १९२६ मध्ये सम्नर ह्याने युरिएज हे एंझाइम स्फटिकरूपात मिळवून ते प्रथिन असल्याचे दाखविले होते. पुरावा त्याच बाजूस झुकलेला होता. तरीही १९४४ मध्ये ॲव्हरी, मॅक्लिऑड व मॅकार्टी ह्यांनी न्यूमोनियाच्या जंतूंत गुण बदलणारे द्रव्य डीएनए आहे असे सिद्ध केले, तेव्हा त्याचे स्वागत कसे झाले ते पाहावे. ॲव्हरी व लेव्हिन एकाच रॉकफेलर संस्थेतले. त्याच संस्थेतील मिर्स्की ह्याने आक्षेप घेतला की, नमुन्यात प्रथिनाचा लेश राहिला असेल आणि काम त्यानेच केले असेल. म्हणजे डीएनए भरपूर असले आणि प्रथिन नावापुरते असले, तरी श्रेय प्रथिनास. शंका शास्त्रीय होती, हे मान्य. पण अशी शंका उलट दिशेने कोणास सुचली नाही, ह्याला माझ्या मते शतकभर मनात मुरलेले अग्रस्थानही थोडे जबाबदार आहे. १९५० मध्ये चारगाफ ह्याने घटकांचे प्रमाण जातीजातींत बदलते हे दाखवून एकसुरी रचनेचा पाया काढून घेतला. १९५२ मध्ये हर्शी व चेस ह्यांचा प्रयोग झाला. १९५३ च्या एप्रिलमध्ये वॉटसन व क्रिक ह्यांचा दुपेडी गोफ प्रसिद्ध झाला.

ह्यानंतर नावांचा ओघच बदलतो. ग्रीक मुळे मागे पडतात आणि भाषाव्यवहारातील शब्द पुढे येतात : संकेत, संदेश, प्रतिलेखन, भाषांतर. श्रोडिंगरने १९४३ मध्ये डब्लिन येथील व्याख्यानांत संकेतलिपीची कल्पना मांडली होती. गॅमोने १९५४ मध्ये चार अक्षरांतून वीस अमिनो अम्ले कशी लिहिली जातील हे कोडे घातले. १९६१ मध्ये नीरेनबर्ग व मॅथाय ह्यांनी पहिला त्र्यक्षरी शब्द वाचला. आणि १९६६ पर्यंत पंजाबातील रायपूर ह्या खेड्यात जन्मलेले हरगोविंद खुराना व इतर ह्यांच्या कामाने ६४ शब्दांचा कोश पुरा झाला. त्यांतील ६१ शब्द अमिनो अम्लांचे व ३ पूर्णविरामाचे. पूर्णविरामांपैकी एकाचे नाव 'अंबर' आहे. कारण एवढेच की, संशोधकांच्या मंडळीत हॅरिस बर्नस्टीन नावाचा एक होता, आणि जर्मन भाषेत बर्नस्टीन म्हणजे अंबर. उरलेल्या दोघांस मग गेरू आणि ओपल अशी त्याच थाटाची नावे दिली गेली.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने ह्या रूपकांची पारख करावयास हवी, कारण ती आमच्याच घरातून गेलेली आहेत. रोमान याकॉबसनने ह्या साम्याचे उत्साहाने स्वागत केले. एक साम्य खरोखर खोल आहे : वर्ण स्वतः निरर्थक असतात आणि त्यांच्या क्रमातून सार्थ घटक बनतात, ही द्विस्तरीय घडण दोन्हीकडे आहे. परंतु 'भाषांतर' ही संज्ञा मला चूक वाटते. भाषांतरात अर्थाची मध्यस्थी असते. पेशीत अर्थ कोणी समजून घेत नाही; ठरलेल्या तक्त्याप्रमाणे त्र्यक्षरी गटाऐवजी अमिनो अम्ल येते, मोडीचे बाळबोध करावे तसे. ते लिप्यंतर होय. ल्युसिनसाठी सहा आणि ट्रिप्टोफॅनसाठी एकच गट आहे, ह्यानेही फरक पडत नाही; मोडीतही एका अक्षराची अनेक वळणे असतात. मराठी पाठ्यपुस्तकांनी 'प्रतिलेखन' हा शब्द नेमका घेतला, पण त्यापुढील क्रियेस 'भाषांतरण' म्हणून इंग्रजीतील चूक जशीच्या तशी उतरविली. क्रिकने १९५८ मध्ये छापलेल्या आपल्या तत्त्वास 'मध्यवर्ती डॉग्मा' म्हटले आणि त्या शब्दाचा खरा अर्थ आपल्यास तेव्हा ठाऊक नव्हता असे पुढे कबूल केले; तो निदान मोकळा होता.

राहिला 'केंद्रकाम्ल'. हा शब्द मराठीत लिहिला जातो, आणि घडणीने तो निर्दोष आहे. पण ज्या जंतूंवर ॲव्हरीने काम केले त्यांच्या पेशीस केंद्रकच नसते. आरएनए बहुतांशी केंद्रकाबाहेर आढळते. तंतुकणिकांतही स्वतःचे डीएनए असते. ग्रीक-लॅटिन वेष्टनातील 'न्यूक्लिइक' हा शब्द इंग्रज विद्यार्थी अर्थ न लावता उच्चारतो. 'केंद्रकाम्ल' उच्चारताना मराठी विद्यार्थी अर्थ लावल्यावाचून राहत नाही. म्हणून विश्वकोशातील 'न्यूक्लिइक अम्ल' मला अधिक पसंत आहे. पारदर्शक शब्द हा नेहमीच गुण असतो असे मानण्याची आपल्याकडे सवय आहे; मूळ नाव चुकलेले असेल तेथे ती पारदर्शकता अंगाशी येते.

१९८२ मध्ये टॉमस चेक ह्याच्या कोलोराडो येथील प्रयोगशाळेत असे आढळले की, एका सूक्ष्मजीवातील आरएनए कोणत्याही प्रथिनाच्या साह्यावाचून स्वतःची काटछाट करते. एंझाइम म्हणजे प्रथिन, हे सम्नरपासूनचे समीकरण मोडले, आणि 'रायबोझाइम' असा नवा शब्द करावा लागला. १९८६ मध्ये वॉल्टर गिल्बर्टने आरंभीच्या काळात केवळ आरएनएच्या आधारावर चालणाऱ्या सृष्टीची कल्पना मांडली. २००० मध्ये रायबोसोमची रचना तपशिलाने दिसली. त्याबद्दल २००९ चा नोबेल पुरस्कार चिदंबरम येथे जन्मलेले वेंकटरामन रामकृष्णन, स्टाइट्स व योनाथ ह्यांस विभागून मिळाला. अमिनो अम्ले ज्या जागी एकमेकांस जोडली जातात त्या जागेच्या आसपास एकही प्रथिन नाही, असे त्या रचनेत दिसून आले. तो सांधा आरएनए जुळविते. १८३८ च्या पत्रात ज्या द्रव्यास पहिले म्हटले होते त्याची प्रत्येक साखळी, प्रत्येक पेशीत, आजही त्याच्या आधी असलेल्या दुसऱ्या द्रव्याच्या हातून विणली जात आहे.